हिवाळ्यात पळसाला पाने किती?

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. कुठेही गेले तरी परिस्थिती सारखीच, असा तिचा अर्थ. मात्र जानेवारी सरता सरता चांदवडच्या डोंगरउतारावर जाऊन कोणी पळस शोधू लागला, तर त्याला ही तीन पानेही सापडतीलच असे नाही. पाने गळण्याच्या बेतात असतात, काही झाडांवरून ती गळूनही गेलेली असतात आणि फांद्यांच्या टोकांना काळपट, मखमली कळ्यांचे घोस दिसू लागतात. पानावरून झाड ओळखण्याची सवय असलेला शहरी पाहुणा अशा झाडापुढे गोंधळतो. शेळ्या राखणारे पोर मात्र लांबूनच त्याचे नाव सांगते. ही ओळख कशातून घडते आणि ती पुसट झाली की झाडांचे काय होते, हे समजून घेण्यासाठी हिवाळ्यासारखा दुसरा ऋतू नाही.

चांदवड हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याकडे निघाले, की सुमारे ६५ किलोमीटरवर ते लागते. पाठीशी सातमाळ्याची रांग, तिच्यात चांदवड, इंद्राई, राजदेहेर, कोळदेहेर हे किल्ले. गावात होळकरांचा रंगमहाल, तर महामार्गालगत रेणुकामातेचे मंदिर. सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या पूर्वेला असल्यामुळे पावसाळी ढग येथवर पोहोचेपर्यंत बरेचसे रिते झालेले असतात. तालुक्याच्या मोठ्या भागाची ओळख म्हणूनच कमी पावसाचा, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा प्रदेश अशी आहे. अशा जमिनीवर जे झाड उभे राहते, ते पाण्याचा हिशेब चोख ठेवूनच.

थंडी आहे, बर्फ नाही

हिवाळा आणि झाडे हे शब्द एकत्र आले, की दिनदर्शिकेवरचे चित्र डोळ्यांपुढे येते. सगळीकडे बर्फ आणि त्यावर काळ्या रेघांसारखी उघडी झाडे. बर्फाच्या प्रदेशात हिवाळा हा झाडे न्याहाळण्याचा खास काळ मानला जातो. पाने नसल्याने खोडाचा रंग, सालीच्या भेगा, फांद्यांची ठेवण, कळ्यांचा आकार हे सारे नजरेत भरते. निव्वळ सालीवरून आणि कळीवरून झाड ओळखायला शिकवणारी पुस्तके तिकडे आहेत.

चांदवडला बर्फ पडत नाही. थंडी मात्र कडाक्याची पडते. शेजारच्या निफाड तालुक्यात गहू संशोधन केंद्रावरील तापमानाची नोंद दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तेथील पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडून देते. गार झालेली हवा जड असल्याने उतारावरून खाली वाहते आणि सखल भागात साचते. गोदावरीच्या खोऱ्यातील निफाडचा पारा इतका घसरतो, त्याचे एक कारण हे आहे. अशा पहाटे द्राक्षाच्या पानांवर दवबिंदू गोठतात आणि बागायतदार बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढतात.

झाडाखाली मात्र दव कमी पडते, हे खेड्यात प्रत्येकाला ठाऊक असते. पानांचे छत जमिनीची उष्णता अडवते आणि तिचा काही भाग खाली परत पाठवते. उघड्यावर बांधलेल्या जनावराची पाठ पहाटे ओली असते, निंबाखालच्या जनावराची कोरडी. दावणीसाठी झाडाखालचीच जागा निवडतात, ती काही केवळ उन्हाळ्यातील सावलीसाठी नव्हे.

पाने का गळतात?

पान हे झाडाचे स्वयंपाकघर असले, तरी पाणी उडून जाण्याची सर्वांत मोठी वाटही तेच. मुळांनी ओढलेल्या पाण्याचा बहुतेक भाग पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून वाफ होऊन जातो. ऑक्टोबरात पाऊस थांबला, की पुढचा खात्रीचा पाऊस जूनमध्ये. या मधल्या आठ महिन्यांत जमिनीचा वरचा थर कोरडा पडत जातो. पाणी मिळणे अवघड झाले, की कित्येक झाडे खर्चाची वाटच बंद करतात. प्रथम पानातील हरितद्रव्य मोडले जाते आणि नत्रासारखी मोलाची द्रव्ये फांदीत परत ओढून घेतली जातात. पान पिवळे पडते ते यामुळे. मग देठाच्या मुळाशी कमकुवत पेशींचा एक पातळ थर तयार होतो. त्याखालची जखम झाड आधीच बुजवून ठेवते आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी पान सुटते. पानगळ म्हणजे झाडाची हतबलता नव्हे. ती ठरवून केलेली काटकसर आहे.

बर्फाच्या प्रदेशातही मुळाशी हाच हिशेब आहे, हे विशेष. तेथे जमिनीत पाणी असते, पण ते गोठलेले. मुळांना ते ओढता येत नाही, म्हणजे झाडाच्या दृष्टीने तो दुष्काळच. शिवाय रुंद पानांवर बर्फ साचले तर फांद्या मोडण्याचे भय असते. म्हणून काश्मीरमधील चिनार थंडीआधी पाने गाळतो, तर देवदार पानांच्या सुया करून हिरवा राहतो. आपल्याकडे बाभळीने देवदारासारखाच उपाय निवडला आहे. तिची पर्णिका इतकी बारीक, की पाण्याचा खर्च बेताचाच होतो.

फरक पडतो तो वेळापत्रकात. बर्फाच्या प्रदेशात थंडीची तारीख साऱ्या झाडांना जवळपास एकच असते, त्यामुळे काही आठवड्यांत अख्खे रान उघडे पडते. चांदवडला मात्र प्रत्येक झाडाचा पाण्याचा हिशेब निराळा. कोणाची मुळे खोल, कोणी खोडात पाणी साठवणारा, कोणी विहिरीच्या कडेला उभा. उंबर, सावर, शिरीष ही झाडे डिसेंबर-जानेवारीत विरळ होऊ लागतात. त्यामागून पळस आणि पांगारा. निंब आणि पिंपळ यांची पानगळ थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. त्यामुळे येथे एकाच बांधावर एक झाड उघडे, दुसरे पिवळे आणि तिसरे हिरवेगार असे दृश्य सहज दिसते. शहरी पाहुण्याला यातले उघडे झाड हटकून वाळलेले वाटते.

आणखी एक कोडे पालवीचे. निंब, पिंपळ, पळस यांना नवी पाने फुटतात ती ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, पावसाला दोन-तीन महिने असताना. पाणी नाही म्हणून पाने टाकली, मग पाण्यावाचून नवी कशी आली? पाने गळताच पाण्याचा खर्च थांबतो. खोल गेलेली मुळे थोडेथोडे पाणी ओढत राहतात आणि खोड पुन्हा भरते. दिवस मोठा होऊ लागला, की तो इशारा समजून कळ्या उमलतात. गुढीपाडव्याला गुढीला बांधायला निंबाची कोवळी डहाळी मिळते, तिची तयारी माघ-फाल्गुनात उघड्या दिसणाऱ्या फांदीत सुरू झालेली असते.

पानांवाचून ओळख

उघडे झाड ओळखायचे तर पाहावे कुठे? चांदवडच्या परिसरात सहज दिसणाऱ्या काही झाडांच्या खुणा अशा.

बाभळीची साल काळी आणि खोल भेगांची असते. पांढरट, लांब काटे जोडीने येतात. शेंगा माळेत ओवलेल्या मण्यांसारख्या, दोन बियांमध्ये आवळलेल्या दिसतात. याच बाभळीचा एक प्रकार खराट्यासारखा सरळ उभा वाढतो, त्याला रामकाठी म्हणतात. हिवर हा बाभळीचाच भाऊबंद, पण त्याची साल फिकट, पांढुरकी असते आणि माथा छत्रीसारखा पसरट. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बाभूळ काळी आणि हिवर उजळ दिसतो. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

सावरीच्या फांद्या खोडातून चक्राकार, जवळजवळ आडव्या निघतात. कोवळ्या खोडावर शंकूसारखे टोकदार काटे असतात, म्हणून तिला काटेसावर म्हणतात. शिरीष डोळ्यांआधी कानांना कळतो. त्याच्या चपट्या, गवती रंगाच्या शेंगा झाडावरच वाळतात आणि वारा सुटला की खुळखुळतात. बहाव्याला हातभर लांब, काळ्या नळीसारख्या शेंगा लोंबतात. उंबराची फळे थेट खोडाला आणि जाड फांद्यांना घोसाने लगडतात, त्यामुळे त्याला पाने असोत-नसोत, चूक होणे कठीण. पळसाचे खोड वाकडेतिकडे, गाठाळ. डोंगराच्या खडकाळ अंगाला गुळगुळीत, पांढऱ्या खोडाचे झाड एकटे उभे दिसले, तर तो कांडोळ असण्याचा संभव मोठा. चांदण्यात त्याचे खोड चमकते म्हणून काही जण त्याला भुताचे झाडही म्हणतात.

जानेवारीच्या अखेरीपासून सावर आणि मागोमाग पळस, पांगारा फुलतात. तिन्हींची फुले लाल-केशरी, आणि तिन्ही फुलतात ती प्रामुख्याने पाने नसताना. पानांचा आडोसा नसल्याने पक्ष्यांना फुले दुरून दिसतात. हिवाळ्यात परदेशातून येणाऱ्या पळसमैनांचे थवे मधासाठी त्यांवर तुटून पडतात. पुढे उन्हाळ्यात सावरीची बोंडे फुटतात, कापसासह बी वाऱ्यावर पसरते आणि पावसाच्या आधी जमिनीवर पोहोचते. इतके वेळेवर बियाणे पोहोचवणारी यंत्रणा माणसालाही साधलेली नाही, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

कामातून होणारी ओळख

गावाला ही सारी माहिती पुस्तकातून मिळालेली नाही. ती रोजच्या कामातून आली आहे. सकाळी दात घासायला निंबाची किंवा बाभळीची काडी लागते. अंघोळीच्या पाण्यासाठी बंब पेटवायचा तर काटक्या हव्यात. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि स्वयंपाकाचा गॅस अनेक घरांत पोहोचला, तरी बंबाचे आणि शेकोटीचे जळण अजून रानातूनच येते. ते गोळा करणाऱ्या बाईला कोणते लाकूड धूर करते, कोणते भडकन पेटून विझते आणि कोणाचा निखारा टिकतो, हे बोटांवर ठाऊक असते. बाभळीचा निखारा टिकतो. पांगारा आणि सावर यांचे लाकूड हलके, पोकळ, जळणाला कुचकामी. ही झाडे आपोआप कुऱ्हाडीतून वाचत आली, त्याचे एक कारण हेही असावे.

डिसेंबर-जानेवारीत उन्हाळी कांद्याची लागवड चालते. वाफ्यात वाकून रोपे लावणाऱ्या बायकांची भाकरी बांधावरच्या निंबाखाली सोडली जाते आणि तान्ह्या पोराची झोळी बाभळीच्या फांदीला टांगली जाते. खरिपाचे रान मोकळे झाले, की मेंढपाळ येतात. शेतात मेंढ्या बसवल्याने जमिनीला खत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. आकडी लावून ते हिवराचा आणि बाभळीचा पाला पाडतात. गवत वाळलेले असताना शेळ्यामेंढ्यांच्या पोटाला हाच हिरवा आधार असतो.

सणवारही झाडांची हजेरी घेतात. कार्तिकात आवळीभोजन होते ते आवळीच्या झाडाखाली. संक्रांतीच्या सुगडात बोरे हवीत आणि लहानग्यांच्या बोरन्हाणात तर ती डोक्यावरूनच ओतली जातात. थंडीत घरोघर डिंकाचे लाडू वळले जातात. हा डिंक म्हणजे बाभूळ, धावडा, खैर अशा झाडांनी सालीवरच्या जखमेवर लावलेले मलमच होय. शहरात तो पुडीतून येत असल्याने त्याचे झाड कोणाला आठवत नाही, इतकेच.

‘ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी’ ही म्हण माणसांना उद्देशून आहे. एका गावचे लोक एकमेकांना पुरते ओळखून असतात, असा तिचा रोख. पण ही गोष्ट सांगायला झाडांचीच नावे घ्यावीशी वाटली, यात गावाचा स्वभाव दिसतो. वडनेरभैरव, वडाळीभोई, हिवरखेडे ही चांदवड तालुक्यातील गावांची नावे. पलीकडे पिंपळगाव, उंबरखेड, चिंचखेड. या नावांतून आजही झाडे ऐकू येतात.

वठलेले की निजलेले?

एवढे सारे सांगण्याचे कारण, हिवाळा हाच झाडांवर कुऱ्हाड चालण्याचा हंगाम असतो. पिके निघाल्याने बांध मोकळे होतात, ट्रॅक्टर आणि जेसीबी आत नेता येतो. वीटभट्ट्या पेटलेल्या असतात आणि त्यांना जळण लागते. त्यातच झाड निष्पर्ण दिसले, की ‘वाळलेच आहे, काढून टाका’ असे म्हणणे सोपे जाते. रस्त्याच्या कडेच्या आणि नव्या वसाहतींतील झाडांच्या वाट्याला हे अधिक येते, कारण तेथे निर्णय घेणाऱ्याची त्या झाडाशी पूर्वओळख नसते.

खरे तर वठलेले झाड आणि निजलेले झाड यांतील फरक एका मिनिटात कळतो. करंगळीएवढ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. खाली हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडा दिसला तर ती मेलेली. बारीक डहाळी वाकवून पाहावी. जिवंत डहाळी वाकते, मेलेली कट्कन मोडते. टोकाला टवटवीत कळ्या असल्या तर शंकेला जागाच नाही. एक फांदी मेली म्हणजे झाड मेले असे नव्हे, म्हणून ही परीक्षा तीन-चार बाजूंनी करावी.

शेतकऱ्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. बांधावरच्या झाडाची सावली कांद्याला बाधते. त्याची मुळे पिकाच्या वाट्याचे पाणी ओढतात. त्यावर बसणारे पक्षी द्राक्षमण्यांची नासाडी करतात. वाटण्या होऊन शेते लहान झाली, की बांधाची वीतभर जागाही मोलाची ठरते. लाकडी नांगर आणि बैलगाडी होती, तोवर बाभळीला घरातच गिऱ्हाईक होते. नांगर, जू, चाक या साऱ्यांना तिचे चिवट लाकूड लागे. लोखंडी अवजारे आणि ट्रॅक्टर आल्यावर ती गरज संपली. आता कुऱ्हाडीच्या दांड्यापुरते लाकूड लागते, आणि ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ हे आपण जाणतोच. दुसरीकडे, बाभूळ मुळांवरील गाठींतील जिवाणूंमार्फत हवेतील नत्र जमिनीत आणते, वारा अडवते आणि दुष्काळात चारा देते. हे फायदे बाजारभावात मोजले जात नाहीत, म्हणून हिशेबात धरले जात नाहीत.

नोंद कोणाची?

कायद्याचा आधार किती, हेही पाहण्याजोगे आहे. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, हिरडा अशा ठरावीक जाती आहेत आणि त्या तोडण्यासाठी परवानगी लागते. बाभूळ, निंब, हिवर हे बांधावरचे नेहमीचे रहिवासी त्या यादीत नाहीत. शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. त्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे अपेक्षित असते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. म्हणजे शहरातील जुन्या निंबाला कागदावर वारसा म्हणून स्थान आहे, तर त्याच वयाचा शेताच्या बांधावरचा निंब केवळ मालकाच्या मर्जीवर उभा आहे.

महामार्गाच्या कडेचे अनुभव निराळे नाहीत. या शतकाच्या पहिल्या दशकात पिंपळगाव ते धुळे या टप्प्याचे चौपदरीकरण हाती घेण्यात आले, तेव्हा रस्त्याकडेची जुनी झाडे गेली. रस्ता गरजेचा होता, याबद्दल वाद नाही. पण कोणती झाडे गेली, असे आज विचारले तर ‘मोठी मोठी होती’ यापलीकडे उत्तर मिळणे अवघड आहे. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याची उणीवही नेमकी जाणवत नाही.

नोंद करण्याची एक सोय मात्र आता शेतकऱ्याच्या हातात आली आहे. राज्यात २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या मोबाइल अॅपमध्ये पिकांबरोबर बांधावरची झाडे नोंदवण्याची तरतूद आहे. सातबाराशी जोडलेल्या नोंदीत झाड आले, तर ते आहे आणि किती आहे, हे निदान कळेल. त्यासाठी झाडाचे नाव माहीत असणे मात्र आवश्यक आहे. गावातील जुन्या पिढीला ते आहे. शाळेच्या आणि मोबाइलच्या वाटेने वाढलेल्या पिढीला ते कितपत आहे, हा प्रश्न चांदवडइतकाच नाशिक, पुणे, मुंबईलाही विचारावा लागेल.

हिवाळ्यात नाशिककर आणि मुंबईकर नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला आवर्जून जातात. या पाणथळ जागेला रामसर यादीत स्थान मिळाल्यापासून तिचे नाव दूरवर पोहोचले आहे. गळ्यात दुर्बीण, हातात पक्ष्यांच्या चित्रांचे पुस्तक, अशी मंडळी पहाटेच्या थंडीत तासन् तास उभी राहतात. झाडे पाहायला तर दुर्बीणही लागत नाही आणि ती उडूनही जात नाहीत. महामार्गावर चहाला थांबलेल्या प्रवाशाने टपरीमागच्या एका झाडाचे खोड, साल आणि शेंगा पाहाव्यात आणि टपरीवाल्याला त्याचे नाव विचारावे, एवढ्यानेही सुरुवात होते. शहरात राहणाऱ्याला आपल्या गल्लीतील उघड्या झाडापासून ती करता येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पाने गळाली तर घाबरून महापालिकेला कळवण्याआधी एकदा साल खरवडून पाहावी. खाली हिरवे दिसले, तर पाडव्याच्या आसपास पुन्हा त्याच्याखाली जावे. बहुधा तेव्हा मान वर करून पालवी पाहावी लागेल.